भावी कलेक्टर, आठवी अ

बेलापूर, ता. श्रीरामपूर
दि. २६ जुलै २०२५

ती. ज्योतीताईंना,
रेश्माचा सा. न. वि. वि.

पत्र बघून तुम्ही दचकाल. घरात मोबाईल असताना ही बया पोस्टात कशाला गेली, म्हणाल. पण मोबाईल दिवसभर ह्यांच्या खिशात आणि संध्याकाळी अभ्यासाला म्हणून संस्कृतीच्या हातात. मी तुम्हाला काही लिहिलं की ती वाचणार, आणि लिहायचंय ते सगळं तिच्याबद्दलच. म्हणून तिच्याच वहीची पानं फाडून बसलेय. तुम्ही तीस वर्षं आठवीला शिकवलंत, तेव्हा लाल पेन हातात घेऊ नका, भाव बघा.

ताई, मला लई भीती वाटती.

जूनपासून पोरगी श्रीरामपूरला जाते, मोठ्या शाळेत, आठवी अ, सेमी इंग्रजी. गणित-विज्ञान सगळं इंग्रजीत. सातवीपर्यंत गावच्या शाळेत पहिली यायची, शेवटी तर केंद्रात पहिली आली. मग तुमच्या भावाला कुठं राहवतंय! स्टँडवर केवढा तरी फ्लेक्स लावला, तिचा फोटो आणि खाली 'भावी कलेक्टर कु. संस्कृती'. रोज सकाळी त्याच फ्लेक्सखाली उभी राहून ती एस.टी. धरते. येणारेजाणारे तिला कलेक्टरबाई म्हणतात. पहिल्यांदा लाजून हसायची. आता मान खाली घालून उभी असते.

डबा तसाच परत येतो. सकाळ झाली की पोटात दुखतं. नखं खाऊन खाऊन बोटाला रक्त काढलंय. वयात आलीय, असं व्हायचंच, असं मी माझ्या मनाला सांगत होते. पण परवा कोठीमागं झाडताना चुरगळलेला पेपर सापडला. घटक चाचणी, गणित, वीसपैकी चार. आणि ह्यांना तिनं अठरा सांगितले होते! ह्यांनी गल्लीत पेढे वाटले होते हो!

पेपरबरोबर वही होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की मी नसते तर पप्पांना कुणापुढं खाली बघायला लागलं नसतं.

ते वाचल्यापासून माझं कशात चित्त नाही. फवारणीची औषधं ठेवतो त्या खोलीला कुलूप घातलंय, किल्ली गळ्यातल्या पोतीत अडकवलीय. ह्यांनी विचारलं तर मी म्हणाले, मांजर शिरतं. ह्यांना खरं सांगू का नको? तिला विचारू का नको? विचारलं आणि नसलेलं तिच्या डोक्यात घातलं तर? वही होती तिथंच ठेवून दिलीय. लवकर कळवा ताई.

तुमच्याशिवाय मला विचारायला कुणी नाही, एवढं ध्यानात असू द्या.

तुमची,
रेश्मा

*

संगमनेर
दि. ३१ जुलै २०२५

चि. सौ. रेश्मा हीस,
ज्योतीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र हातात पडलं तशी मी तुला फोन केला आणि लोणच्याचं काहीबाही विचारत राहिले. तू नुसतं हो हो करत होतीस, त्यावरून पोरगी शेजारी बसलीय हे ओळखलं. म्हणून आता कागदावर.

तू कुलूप घातलंस ते उत्तम केलंस. किल्ली सोडू नकोस. घाबरलीस म्हणून स्वतःला वेडी ठरवू नकोस, मीही घाबरले आहे. असं लिहिलेलं पान पोरखेळ म्हणून सोडून द्यायचं नसतं. तिला सरळ विचार. वही सापडली हे सांग आणि मरावंसं वाटतं का, असं स्पष्ट शब्दांत विचार. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच पोरांना हायसं वाटतं. हो म्हणाली तर रडारड न करता ऐकून घे, तिला एकटी सोडू नकोस आणि त्याच दिवशी मला फोन कर. मग संस्कृती शेजारी असो नाहीतर गावची ग्रामसभा असो.

गुणांचं आत्ता काढू नकोस. आल्या आल्या खायला घाल, जवळ बस. तुला इंग्रजी येत नाही म्हणून तू तिच्या अभ्यासाजवळ फिरकत नाहीस, हे मला ठाऊक आहे. अगं, तिला शिकवायला कोण सांगतंय? आज काय नाही कळलं, एवढं विचारलंस तरी पुष्कळ. आणि वर्गशिक्षकांना जाऊन भेट. आठवीत आल्यावर आईबाप शाळेचं तोंड बघत नाहीत, आणि नेमकी तिथंच पोरं एकटी पडतात.

सुन्याला सांग. तो माझ्या कडेवर वाढलाय, त्याचं डोकं कसं चालतं मला विचार. तापट नाही, हौशी आहे, आणि हौशी बाप पोरांना फार जड जातो. त्याला म्हणावं, ताईनं सांगितलंय, पहिला तो फ्लेक्स उतरव. तेरा वर्षांच्या पोरीला रोज तिच्याच फोटोखाली उभं करतोस, अक्कल गहाण टाकलीस का?

प्रकृतीला जप. भीती वाटली तरी जेवत जा.

तुझी,
ज्योतीताई

*

बेलापूर
दि. ७ ऑगस्ट २०२५

ती. ज्योतीताईंना,
रेश्माचा सा. न. वि. वि.

ताई, मला विचारता आलं नाही. तीन दिवस तिच्या मागं मागं फिरले. वेणी घालताना शब्द अगदी ओठावर आला, आणि मी रिबिनीचं बोलून गेले. तोंडातून ते निघालं तर खरंच होईल, असं वाटतं मला. तुम्ही रागवाल, रागवा.

ह्यांना मात्र काल सांगितलं. पेपर दाखवला, वहीतलं पान दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं आता आभाळ कोसळतंय.  पण पान माझ्या हातात दिलं आणि तसेच अनवाणी मळ्यात गेले. तुम्ही सांगितलेलं फ्लेक्सचं मी बोलले तेव्हा ह्यांनी नुसती मान हलवली.

आज दुपारी शेजारच्या भिमाजीभाऊंची शिडी नेली आणि स्वतःच्या हातानं फ्लेक्स उतरवला. स्टँडवरच्या लोकांनी विचारलं तर फाटला होता म्हणाले. ती शाळेतून यायच्या आत काढायचा, म्हणजे पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलंच तिला दिसेल, असं त्यांचं म्हणणं. घडी करून गोठ्यात टाकलाय. मला एवढं बरं वाटलं ताई, महिन्याभरात पहिल्यांदा दोन घास सुखाचे खाल्ले.

आज तिला नक्की विचारते. परवा राखी, हे तुमच्याकडं येतीलच, त्यांच्याबरोबर कळवते. साडेपाचची गाडी आली वाटतं, हॉर्न वाजला. चहा टाकते. राहिलेलं मग लिहिते

*

संगमनेर
दि. १० ऑगस्ट २०२५

चि. सुनील व चि. सौ. रेश्मा,
दोघांना ताईचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी त्रोटक बोलले, कारण पोरगी माझ्या पदराला धरून होती. आता ती झोपली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गुरुवारी आठ वाजायला आले होते. बेल वाजली, दार उघडलं तर शाळेच्या ड्रेसात, पाठीला दप्तर, आमची संस्कृती. अंगात कणकण. दोन तांबे पाणी प्याली आणि तिथंच उंबऱ्यात बसली. मी तुम्हाला तीनदा फोन लावला, कुणी उचलेना. पोरगी घराबाहेर आणि ही माणसं आहेत कुठं, म्हणून मला तुमचा असा राग आला! चौथ्यांदा तुमच्या शेजारच्या पुष्पावतीनं उचलला, आणि ती नुसती रडत होती.

काय झालं ते आता ऐका. ती गाडीतून गावात उतरली, वर बघितलं तर नुसते बांबू. कुणीतरी सांगितलं की तुझ्या पप्पांनीच काढला. तिला वाटलं पप्पांना चार गुण कळले आणि त्यांनी लाजेनं आपला फोटो सगळ्या गावासमोर उतरवला. घराकडं पाऊल उचलेना. तीच गाडी श्रीरामपूरला परत निघाली होती, तीत चढली आणि तिथून संगमनेरची धरली.

चूक माझी आहे. फ्लेक्स उतरवा म्हणून मी फर्मान सोडलं. आधी तिच्याशी बोला, तिला विचारा, मग हात लावा, हे सांगायचं मला सुचलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या आईबापांना शहाणपण शिकवलं आणि घरच्या पोरीला रस्त्यावर काढलं. सुन्या, तुझ्याकडं बोट दाखवायचा मला अधिकार नाही.

रेश्मा, तुला विचारता आलं नाही असं फोनवर म्हणालीस, ते मी विचारलं.   ती म्हणाली की झोपावं आणि उठूच नये, असं पुष्कळदा वाटतं. काही करायचं ठरवलेलं नव्हतं, पण वाटतं. मी तिला म्हटलं, सांगितलंस ते फार चांगलं केलंस. काल मुलांच्या मनाच्या डॉक्टर बाईंकडं नेलं. त्या तासभर तिच्याशी एकटीशी बोलल्या, बुधवारी परत बोलावलंय. तोवर ती इथंच राहील.

सुन्या, शुक्रवारी तू आलास, तिनं आतून कडी लावली, आणि तू दाराबाहेर पाऊण तास बसून चहा न घेता गेलास. काल राखीला आला नाहीस. राखी डब्यात ठेवली आहे. ती तुझ्यावर रुसलेली नाही, तुझं तोंड बघायला घाबरते. आणि तुला काय झालंय? डोळे कसे झाले होते तुझे! माझ्यापासून काय लपवताय तुम्ही दोघं?

खुशाली नको, खरं कळवा.

तुमची,
ताई

*

बेलापूर
दि. १३ ऑगस्ट २०२५

ती. ज्योतीताईंना,
रेश्माचा सा. न. वि. वि.

अर्धं राहिलेलं पत्रही यातच घातलंय. चहा टाकला होता तो आटून गेला.

साडेपाचची गाडी आली, पोरगी आली नाही. तिच्याबरोबरची ज्ञानदा म्हणाली, माझ्याबरोबर उतरली की. ताई, गावात उतरली आणि घरी नाही!  किल्ली चाचपली, खोलीचं कुलूप बघितलं, ते तसंच होतं. अंधार पडेपर्यंत गावभर शोधलं. तेवढ्यात भिमाजीभाऊ आले, म्हणाले शाळंच्या ड्रेसातली पोरगी मळ्याच्या वाटंनं जाताना दिसल्ती. ती दुसऱ्याच कुणाची होती, पण ते आम्हाला काय ठाऊक.

हे पळतच विहिरीवर गेले. मी मागं. वहीतलं पान आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढं होतं. भिमाजीभाऊ विहिरीच्या तळाशी फिरवायचा गळ आणायला गेले. ह्यांना तेवढा दम कुठला! कपड्यांसकट पायऱ्या उतरत गेले. कमरेला पाणी, छातीला पाणी. पायानं चाचपत होते आणि तिला हाका मारत होते. गळ्याला पाणी लागलं तरी पुढची पायरी शोधत होते. मी वरून ओरडत होते, काय ओरडत होते मला आठवत नाही. मोबाईल घरात चार्जिंगला. तुम्ही फोन करत होतात तेव्हा आम्ही तिथं होतो.

पुष्पावतीबाई मोबाईल घेऊन बांधावरून पळत आल्या, सापडली म्हणून ओरडत. तेव्हा भिमाजीभाऊंनी ह्यांना हाताला धरून वर काढलं. काठावर बसून हे लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून परत आल्यापासून जेवणाकडं लक्ष नाही. पोरीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मला बजावलंय. तुम्ही खरं विचारलंत म्हणून लिहिलं.

काल मी एकटी शाळेत गेले. आयुष्यात पहिल्यांदा.  देवश्रीबाई तिच्या वर्गशिक्षिका, तरुण आहेत, मला खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, अ तुकडीतली निम्मी पोरं चाचणीत अशीच पडलीत, घरी कुणी सांगत नाही. हवं तर ब तुकडीत, मराठीत बसू दे, नाहीतर अ मध्येच ठेवा, मी शाळा सुटल्यावर अर्धा तास घेते. काय ते संस्कृतीलाच ठरवू द्या म्हणाल्या. मी त्यांच्यापुढं रडले, तरी त्यांनी काही वाटून घेतलं नाही.

फोन वाजला की अजून हातातलं काम टाकून पळते. पोरीवर तुमची नजर असू द्या, माझी इथून पोचत नाही.

तुमची,
रेश्मा

*

संगमनेर
दि. १८ ऑगस्ट २०२५

ती. पप्पांना,
संस्कृतीचा सा. न. वि. वि.

पत्राची सुरुवात अशी करतात असं आत्याने सांगितलं. मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

आधी खरं सांगते. गणितात मला वीसपैकी चार आहेत, विज्ञानात सहा, इंग्रजीत नऊ. मराठीत सतरा आहेत. तुम्ही स्टँडवर सहा जणांसमोर विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून अठरा निघून गेलं. संध्याकाळी खरं सांगणार होते, पण घरी आले तर पेढे आलेले होते. मग सांगता आलं नाही. वर्गात सर गणित इंग्रजीत सांगतात. मी शब्दाचा अर्थ लावेपर्यंत फळा पुसलेला असतो. सगळ्यांना कळतं आणि मलाच कळत नाही असं वाटायचं. निम्म्या वर्गाला कळत नाही हे आईच्या पत्रातून कळलं.

ते पत्र आत्याने माझ्या हातात दिलं. या घरात सगळ्यांनी सगळ्यांपासून लपवून ठेवलं, आता बास, असं ती म्हणाली. मी वाचत होते तेव्हा ती शेजारी बसली होती.

पप्पा, तुम्हाला पोहता येत नाही. कॅनॉलमध्ये आम्ही सगळे उतरतो तेव्हा तुम्ही काठावर आमच्या चपला राखत बसता. आणि तुम्ही गळ्यापर्यंत गेलात. मला चाचणीची भीती वाटली होती, तुमची वाटली होती, शाळेची तर रोजच वाटते. पण ते वाचताना वाटली तेवढी कधीच वाटली नव्हती.

डॉक्टर मॅडमकडे मी दोनदा गेले. वाईट वाटलं की कुणाला तरी सांगायचं, असं आमचं ठरलं आहे. पहिल्यांदा आईला, ती नसेल तर तुम्हाला. अ तुकडी की ब, ते अजून माझं ठरत नाही, दोन्हीची भीती वाटते. घरी आल्यावर आपण तिघं ठरवू.

पण तुम्हीही एक ठरवा. मला कधी उशीर झाला तर आधी रस्त्याने बघा, आत्याला फोन करा, काहीही करा, पण पाण्यात उतरू नका. त्या दिवशी तुमचा पाय सुटला असता, आणि मी इथे आत्याकडे गरम दूध पीत बसले होते.

रविवारी मला न्यायला या. मी कडी लावणार नाही.

माया असू द्या, पण काठावरूनच.

तुमची,
संस्कृती