अडणारा खांदा

दि. ४ फेब्रुवारी

चि. खुंटीस, बाबांचा आशीर्वाद.

पार्सलात बाईच्या कमरेच्या हाडांचा एक लाकडी सांगाडा आहे, त्याच्या आतलं रबरी अस्तर, एक मूल (डोकं लाकडाचं, मान स्प्रिंगची, अंग वाळू भरलेल्या कातड्याचं) आणि हे सगळं टेबलाला आवळायला दोन शिकंजे. स्क्रू तेवढे विकतचे, बाकी सगळं माझ्या हातचं. शिकाऊ डॉक्टरांना सरावाला काही मिळत नाही असं तू म्हणाली होतीस, म्हणून केलं.

मापं तुझ्या जुन्या पुस्तकातली. सातवी शिकलेल्या सुताराने शेजारी शब्दकोश ठेवून ते पुस्तक दोन महिन्यांत वाचलं, हे तुझ्या प्रोफेसरबाईंच्या कानावर घाल. आतली वाट अकरा सेंटिमीटर म्हणजे अकराच, एक सूत इकडचं तिकडे नाही. आतून पॉलिश पेपर मारून मेण लावलंय. माझा ड्रॉवर जसा एका बोटाने आत जातो, तसं हे मूल बाहेर येतं.

आठवडाभर फोनवर तू 'बरी आहे' यापुढे बोलत नाहीस. निदान पत्राला उत्तर दे. आईची माया आहेच, माझीही धरून चाल.

बाबा

दि. १९ फेब्रुवारी

ती. बाबांस, शि. सा. न.

नमुना पोचला. होस्टेलच्या खोलीत तिघींत एकच टेबल, म्हणून खिडकीच्या कट्ट्याला आवळलाय. वॉर्डातल्या सिस्टर बघायला आल्या आणि मुलाचं नाव काय ठेवलं म्हणून विचारून गेल्या.

बाबा, मी बरी नाही. जानेवारीच्या शेवटी माझ्या हातून एक मूल गेलं. डोकं बाहेर आलं आणि खांदा पुढच्या हाडामागे अडकला. डोकं माझ्या तळहातात आणि बाकीचं मूल येईना. पाय पोटाशी दाबून धरायला लावले, वरून दाब द्यायला लावला, हात घातला. प्रोफेसरबाई धावत येऊन मूल काढेपर्यंत सहा मिनिटं झाली होती. ते रडलं नाही. त्याच्या आईने मला विचारलं, मुलगा की मुलगी. मुलगा म्हणाले, आणि पुढचं मला सांगता येईना.

तेव्हापासून बाळंतिणीपाशी उभी राहिले की बोटं बधिर होतात. हातमोजे घालते आणि मागे सरकते. माझी बाळंतपणं बरोबरच्या मुली उरकतात, पण किती दिवस? मी राजीनामा लिहून ठेवलाय.

तुमच्या नमुन्यातलं मूल दर वेळी येतं, बाबा. वीस वेळा केलं, वीस वेळा आलं. मला ते बघवत नाही. त्यावर टॉवेल टाकलाय. रागावू नका, लोभ कमी करू नका.

खुंटी

दि. २६ फेब्रुवारी

चि. खुंटीस, आशीर्वाद.

पहिलं उत्तर फाडलं. त्यात मी मापांचीच बाजू मांडत बसलो होतो. तुझ्या आईने ते वाचलं आणि म्हणाली, पोर तिकडे मोडून पडलीय आणि तुम्ही तिला सेंटिमीटर सांगताय.

चूक माझी आहे. अडू नये असंच काम मी तीस वर्षं करत आलो. जिथे अडायला हवं होतं तिथेही रंधा मारून मेण लावून बसलो.

आता मला सांग, नेमकं कुठे अडलं. 'आत' असं मोघम नको. किती बोटं आत, कुठल्या बाजूला, हाताला काय लागलं? चित्र काढ. राजीनाम्याचं नंतर बघू. जेवत जा. तुझ्या शब्दाची वाट बघणारा,

बाबा

दि. ८ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न.

सोबत चित्र. हाताशी आला त्या कागदावर काढलंय.

खांद्याचं टोक हाडाला असं टेकलं होतं, की मध्ये नख जाईना. पण मागे, कण्याच्या बाजूला, पोकळी होती. तिथे हात शिरला असता. मुलाचं कोपर तिथेच होतं. ते धरून हात छातीवरून बाहेर काढला की खांदा सुटतो, हे मला पाठ होतं. मी हात तिथे घातलाच नाही. सहा मिनिटं पुढेच झटत राहिले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाईंनाही नाही.

एवढं वाचूनही मला तुमची म्हणाल का?

खुंटी

दि. २ एप्रिल

चि. खुंटीस, माझ्याच लेकीस, आशीर्वाद.

दुसरा नमुना पाठवतोय. इतकं वाईट काम जन्मात केलं नाही. आतून घासलेलं नाही, खांद्याला खटका बसवलाय, ओढलं की जास्तच अडतो. मागचा हात काढल्याशिवाय सुटत नाही. डोळे बांधून मी एक्केचाळीस वेळा केलं, एकदाही जमलं नाही. तुझ्या आईने तिसऱ्या खेपेला काढलं. डब्याच्या तळाशी हात घालायची सवय, म्हणे. आठवडाभर मला तोंड वर काढू देत नाहीये.

बाईंना खरं सांग. मग टॉवेल काढ. दोघांचाही जीव तुझ्यापाशी आहे.

बाबा

दि. ११ मे

ती. बाबांस, शि. सा. न.

बाईंना सांगितलं. त्यांनी तुमचा दुसरा नमुना प्रसूतिगृहाशेजारच्या खोलीत हलवायला लावला, आणि रोज माझ्यामागे उभ्या राहून घड्याळ लावलं. दोनशेच्या वर वेळा केलं असेल.

मंगळवारी खांदा परत अडला. बोटं बधिरच होती, पण हात मागून गेला. कोपर लागलं. दीड मिनिट. मुलीच्या दंडाचं हाड मोडलं, ते तीन आठवड्यांत जुळेल. ती रडली.

मला आनंद झाला नाही, बाबा. चादरींच्या खोलीत जाऊन बसले. तो मुलगा आज साडेतीन महिन्यांचा असता. दीड मिनिटच लागत होतं.

राजीनामा द्यावा म्हणून शोधला. सापडत नाही. तुमचा लोभ आहे, तेवढ्यावर उभी आहे.

खुंटी

दि. २० मे

चि. खुंटीस, आशीर्वाद.

राजीनामा माझ्याकडे आहे. तू चित्र त्याच्याच पाठीवर काढलंस. तो कागद भिंतीला लावलाय, चित्राची बाजू बाहेर. हवा असेल तर माग, न दुमडता पाठवीन. पण मागावाच लागेल.

तो मुलगा तुला विसरता येणार नाही, आणि विसर असं मी म्हणणारही नाही. आई आजपासून रोज लिहिणार म्हणते. उत्तर एका ओळीचं चालेल.

बाबा

ता. क. : दवाखान्यांना सामान पुरवणारा एक माणूस बाईंकडून पत्ता घेऊन आला होता. डोळे बांधून त्याने दोन तास झटापट केली. मग म्हणाला की खटका सैल करा, शिकणारी मुलं हिरमुसतात, मूल दर वेळी यायला हवं. तसा नमुना, साचे आणि भिंतीवरचा कागद असं सगळं त्याला हवं होतं. मी नाही म्हणालो. नऊ लाख देत होता.