लेकींनी घातलेली अट

क्युरेस, अमावास्या

चि. वारियास आईचे अनेक आशीर्वाद.

सणाच्या शर्यती दाखवतो म्हणून बोलावून रोमवाल्यांनी तुम्हा सॅबाइन मुलींना पळवलं, त्याला वर्ष उलटलं. तुझ्या वडिलांचा राग काही उतरत नाही. माझी लेक त्या लुटारूंचं दळण दळतेय, एवढाच धोशा. परवा भाला परजून फौजेबरोबर निघालेसुद्धा. तुला मुलगा झाल्याचं सांगितलं, तर म्हणाले, नातू नंतर, आधी जावयाचं मुंडकं. माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकलं तर बघ. बाळाला लोकरीत नीट गुंडाळत जा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
आई

रोम, पौर्णिमा

ती. आईस वारियाचा शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच. बाबा सुखरूप आहेत आणि तुझा जावई कायसोही.

टेकड्यांमधल्या दलदलीत दोन्ही फौजा भिडल्या. कोणीही पडलं तरी रडायचं मलाच होतं. मग आम्ही सगळ्या मुली केस सोडून, पोरं कडेवर घेऊन मधे घुसलो. बाबांनी कायसोवर भाला उगारला होता. मी बाळ त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, आधी नातवाला घ्या, मग खुशाल त्याच्या बापाला मारा. भाला टाकल्याशिवाय बाळ घेता येईना. बाबांनी टाकला!

तहाला बसल्यावर राजा कोण नि हद्द कुठवर यावरच पुरुषांचा घोळ चालला. मी सरळ सांगितलं, पळवून आणलंत ते विसरलेले नाही. आम्ही इथं राहावं असं वाटत असेल, तर सॅबाइन बाई दळणार नाही, रांधणार नाही. सूत तेवढं कातेल. कायसोचं तोंड बघण्यासारखं झालं! बाबा गरजले की लेक म्हणते तसंच होईल, आणि दोन्हीकडच्यांनी देवांची शपथ घेतली. आई, आम्ही जिंकलो!

माझ्यावरची माया आता नातवालाही वाटून दे.
वारिया

क्युरेस, अष्टमी

चि. वारियास अनेक आशीर्वाद.

तुझे वडील वेशीपासूनच ओरडत आले, की माझ्या लेकीने रोमला नमवलं. गाव गोळा करून, छाती फुगवून त्यांनी तहाची अट ऐकवली. मी ऐकून घेतलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, अहो, मीही सॅबाइनच ना?

गाव खो खो हसलं. शेजारणींनी तर मुसळं तिथंच टाकली. देवांची शपथ यांनी स्वतःच्या तोंडाने घेतलेली, आता मोडतात कशी?

हे लिहितेय तेव्हा तुझे वडील दळायला बसलेत. पीठ फार जाडं पडतंय, पण मी उठणार नाही.

तुझी, सूत कातत बसलेली,
आई