घर रेणूचं, मंडळाचं नाही

मी, मिल्का एलिझार वाकरुळकर, माहेरची मिल्का रूबेन झिराडकर, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म अलिबागच्या इस्रायल आळीतला, सध्या राहणार नोव्हाय, मिशिगन, हा कागद माझ्या हातानं, माझ्या भाषेत, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. कॅन्सर स्वादुपिंडाला झाला आहे, डोक्याला नाही. औषधांची गुंगी दुपारनंतर येते म्हणून सकाळी लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. घरच्यांकडून तो मला आजवर मिळाला नव्हता.

वकिलांनी हे सगळं इंग्रजीत टाईप करून आणलं होतं. त्यात माझी मालमत्ता नीट होती, मी मात्र कुठेच नव्हते. स्वतःच्या हातानं लिहून, तारीख घालून सही केलेलं मृत्युपत्रही या राज्यात चालतं असं त्यांच्याच तोंडून निघालं, आणि मी तो धागा पकडला. ज्याला हे वाचायचं असेल त्यानं मराठी शिकावं, नाहीतर शिकलेला माणूस आणावा. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र, म्हणजे जे माझ्या नवऱ्यानं लिहिलं आणि मी न वाचता सही केली ते, आजपासून रद्द.

कलम १. घराबद्दल, आणि ते कोणाला नाही याबद्दल

हे राहतं घर तळघरासकट माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे यजमान एलिझार दोन वर्षांपूर्वी वारले. ते धडधाकट असताना तळघरात दर गुरुवारी अभ्यासमंडळ भरायचं. एका गुरुवारी त्यांनी मंडळाला सगळ्यांदेखत शब्द दिला, की आम्हा दोघांच्या पश्चात हे घर मंडळाचं. मी तेव्हा कॉफीचा ट्रे घेऊन जिन्यात उभी होते. मला कोणी विचारलं नाही. टाळ्या वाजवताना मात्र सगळ्यांनी माझ्याकडेही पाहिलं. शब्द त्यांचा होता, घर माझं आहे. मंडळाला ते मिळणार नाही. घडीच्या खुर्च्या त्यांच्या आहेत, त्या घेऊन जाव्यात.

मंडळ कशाचं, हे सांगायला हवं. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. या देशात आल्यावर पहिल्यांदा एका सिनेगॉगच्या दारात उभे राहिलो तेव्हा आम्हाला विचारलं गेलं, तुम्ही धर्म कधी बदललात? एलिझारच्या आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद असायचा, हे त्या माणसाला सांगून काय कळणार होतं? मी तो अपमान विसरून गेले. एलिझार विसरले नाहीत. दिवसा गाड्यांच्या गिअरबॉक्सचं काम, संध्याकाळी कबालाचे, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येचे, ग्रंथ. ज्यांनी दारात प्रश्न विचारले त्यांच्यापेक्षा त्यांच्याच शास्त्रात पुढे जायचं, या ईर्ष्येनं ते शिकले, आणि खरोखर पुढे गेले. तीच माणसं मग आमच्या तळघरात वह्या उघडून बसू लागली. मला याचा अभिमान होता. अजूनही आहे, आणि त्याचाच मला राग येतो.

ते शिकवायचे ते असं. या जगाच्या आधी एक जग होतं, त्याचं नाव तोहू, म्हणजे गोंधळ. त्यात प्रकाश अफाट आणि तो धरणारी भांडी लहान. पण भांडी फुटली ती नुसती लहान होती म्हणून नाही. प्रत्येक भांडं म्हणत होतं, राज्य मीच करणार. शेजारच्याला जागा द्यायला एकही तयार नव्हतं, म्हणून सगळी फुटली आणि ठिणग्या खाली विखुरल्या. त्या वेचून जग पुन्हा जुळवणं म्हणजे तिकून, दुरुस्ती. दुरुस्त झालेल्या जगात प्रत्येक भांडं दुसऱ्याला आपल्यात थोडी जागा देतं. त्यासाठी लागतं बिटूल, म्हणजे आपलं मीपण पुसून टाकणं.

मीपण पुसण्यावर एलिझार तास-दीड तास बोलायचे. अधेमधे पाणी मागायचे. मी नेऊन द्यायची.

मी सव्वीस वर्षं एका डेंटल लॅबमध्ये तुटलेल्या कवळ्या जोडल्या. लोकांना वाटतं, दोन तुकडे एकमेकांना दाबून चिकटवले की झालं. तशी जोडलेली कवळी आठवड्यात पुन्हा मोडते. आधी दोन्ही तुकड्यांचे काठ घासावे लागतात, मुद्दाम फट मोठी करावी लागते, आणि त्या फटीत नवा माल ओतावा लागतो. काठ दोघांचे घासायचे, एकाचेच नाही. हे मी एकदा जेवताना सहज बोलले. पुढच्या गुरुवारी तळघरातून तेच ऐकू आलं. ‘परवा मला एक दृष्टान्त सुचला,’ अशी सुरुवात होती. लोकांनी लिहून घेतलं. काठ दोघांचे, हे तेवढं एलिझारनी गाळलं. त्यांच्या सांगण्यात एकच काठ नम्रपणे झिजत होता.

मंडळाचे सध्याचे प्रमुख मिस्टर लिपमन यांनी एलिझारच्या शोकसभेत सांगितलं, की शेवटच्या सहा वर्षांत त्यांनी वाणीचा त्याग करून बिटूल प्रत्यक्ष जगून दाखवलं. त्यांना स्ट्रोक आला होता. त्याग वगैरे काही नाही, बोलता येत नव्हतं म्हणून ते हातातला कप फेकायचे. तो उचलायला आमची मुलगी रेणू होती. तिचं नाव शोकसभेत कोणी घेतलं नाही.

कलम २. संजीव

माझा मुलगा संजीव तिकडे जॉर्जियात, अल्फारेटाला असतो. बापाचा सगळा प्रकाश त्याच्यावर पडला, आणि त्यात तो कधी पिकला नाही. नवा धंदा काढायचा, मोडायचा, बहिणीला फोन करायचा. रेणूनं स्वतःच्या घरासाठी बाजूला ठेवलं होतं ते सगळं एका फोनवर त्याला देऊन टाकलं. मी त्याला बोलले तर म्हणाला, ‘‘आई, यू नो रेणू. ती मॅनेज करते.’’

त्याला माझ्या बँकेतल्या ठेवींचा अर्धा भाग द्यावा. तो माझा मुलगा आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे, हे मी नाइलाजानं लिहिते. शिवाय बापाचे सगळे ग्रंथ त्याचे. अट एकच. ते त्यानं स्वतः येऊन, तळघराचा जिना स्वतः चढउतार करून न्यावेत. कुरिअरनं पाठवू नयेत, आणि रेणूनं खोक्यात भरून ठेवू नयेत.

कलम ३. मलिद्याचं ताट

माझ्या सासूबाईंचं पितळी ताट, ज्यात आम्ही एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा मांडतो, ते संजीवची मुलगी आन्या हिला द्यावं. मागच्या थँक्सगिव्हिंगला पोहे, गूळ आणि खोबरं कालवताना ती मला म्हणाली, ‘‘आजी, व्हेन यू डाय, कॅन आय हॅव द बिग प्लेट?’’ संजीव तिच्यावर ओरडला. मी त्याला गप्प केलं. या घराण्यातल्या एका तरी बाईला हवं ते सरळ मागता येतं, हे बघून मला फार बरं वाटलं होतं.

कलम ४. हत्यारं

मेणाच्या सुऱ्या, घासायचं हातयंत्र आणि त्याची सगळी बदलती टोकं लॅबमधल्या शिवांगीला. तिचा हात चांगला आहे. गोड बोलून जास्तीचं काम गळ्यात घालून घेण्याची तिची खोड तेवढी जावी.

कलम ५. घर रेणूला

माझी मुलगी रेणू, वय एकोणपन्नास, शाळेतल्या मुलांची स्पीच थेरपिस्ट. लग्न केलं नाही. करणार होती, पण बापाला स्ट्रोक आला, आणि तो मुलगा किती दिवस थांबणार? सहा वर्षं तिनं बापाला एकेक शब्द शिकवला. आता दीड वर्ष माझं बघते आहे. लोक मला म्हणतात, नशीब काढलंत, अशी मुलगी मिळायला पुण्य लागतं. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ती अशी जन्मली नव्हती. तिला मी अशी केली. रोज माझ्याकडे बघून बघून ती शिकली.

ज्याच्याकडे भरपूर ‘मी’ आहे त्यानं तो पुसावा. त्यात मोठेपणा आहे. जो मुळात कधी धरूच दिला नाही, तो पुसायचा कसा? एकच बाजू आयुष्यभर सरकत राहिली तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. त्यानं फक्त दुसऱ्या बाजूला पाय पसरायला जागा होते. हे मला वयाच्या विशीत कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून हे घर संपूर्ण रेणूचं. पण ते तिच्या हातात दिलं तर वर्षाच्या आत ती ते भावाला नाहीतर मंडळाला देऊन मोकळी होईल. वकील म्हणाले, सज्ञान बाईला दान करण्यापासून कायदा रोखू शकत नाही. मी म्हटलं, तुम्ही माझ्या मुलीला ओळखत नाही. मग त्यांनी ट्रस्टचा रस्ता दाखवला. घर विकावं, पैसे ट्रस्टमध्ये राहावेत, आणि ते फक्त रेणूच्या स्वतःच्या राहण्या-जगण्यासाठी खर्च व्हावेत. विश्वस्त म्हणून मी माझी मूळची नागपूरची मैत्रीण पद्मिनी हिला नेमते. ‘नाही’ म्हणताना तिची जीभ अडखळलेली मी कधी ऐकली नाही.

हे कलम एवढ्यावर संपणार होतं. काल बिरड्याचा रोजा होता. यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या शोकाचा हा उपास, आणि संध्याकाळी तो वालाच्या बिरड्यानं सोडायचा अशी आमच्याकडची रीत. दुपारी रेणू आणि मी मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. तिला उपास होता, मला डॉक्टरांची मनाई. मी तिला विचारलं, ‘‘तुला काय हवंय ते सांग. मला मृत्युपत्रात लिहायचंय.’’

‘‘काही नको गं. जे उरेल ते.’’

‘‘उरेल ते नाही. हवंय काय?’’

‘‘आई, ड्रॉप इट ना.’’

मी सोडलं नाही. तिनं हातातला वाल सोलून वाटीत टाकला आणि वाटीकडेच बघत म्हणाली, ‘‘अलास्कात, अँकरेजच्या एका शाळेत जॉब आहे. मे महिन्यातच ऑफर आलीय. पंधरा ऑगस्टला जॉइन व्हायचंय. मला जायचंय.’’

आयुष्यभर मी या वाक्याची वाट पाहिली होती. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? ‘‘मग माझं कोण बघणार?’’

राज्य मीच करणार, म्हणणारी ती भांडी. एलिझारमध्ये मला ती रोज दिसायची.

रेणूचा चेहरा मिटला. ‘‘डोन्ट वरी, मी त्यांना नाहीच कळवणारे. तू विचारलंस म्हणून सांगितलं,’’ म्हणाली, आणि पुन्हा वाल सोलायला लागली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. त्यानंच माझा जीव गेला. मी तिला म्हटलं, लॅपटॉप आण. ती म्हणाली, नंतर. मी म्हटलं, आत्ता, माझ्यासमोर. ओल्या हातानंच तिनं त्यांना ‘हो’ लिहिलं. पाठवल्यावर ती रडली. मीही रडले, पण दोघींचं रडणं एक नव्हतं. ती सुटल्यासारखी रडत होती.

कलम ६. माझं आजारपण

रेणू या आठवड्याच्या शेवटी निघेल. त्यानंतर माझ्यासाठी पगारी नर्स ठेवावी आणि तिचा खर्च ठेवींच्या उरलेल्या अर्ध्या भागातून व्हावा. संजीवला वाटलं तर त्यानं येऊन राहावं. त्याला वाटेल असं मला वाटत नाही. डिसेंबरातल्या हनुकाच्या दिव्यांपर्यंत मी असेन की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

कलम ७. दफन, आणि रेणूशी बोलण्याबाबत सूचना

मला एलिझारच्या शेजारी पुरावं. जागा घेऊन ठेवली आहे, आता बदलायची म्हणजे कटकट. कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, संजीवनं म्हणावा. त्याला लागणारी दहा माणसं जमत नसतील तर मंडळाला बोलवावं. माझी एवढी कॉफी प्यायले आहेत, तेवढं तासभर उभे राहतील. दफन रेणूसाठी थांबवू नये.

रेणूपासून माझ्या प्रकृतीबद्दल काही लपवू नये. विचारेल ते खरं सांगावं. पण तिला ‘ये’ असं कोणीही म्हणू नये. संजीवनं नाही, पद्मिनीनं नाही, नर्सनं नाही. आणि शेवटी शेवटी, गुंगीत किंवा वेदनेत, मी स्वतः तिला बोलवा म्हणाले, तर ते माझं म्हणणं धरू नये. आज, शुद्धीत लिहिलेलं हेच धरावं. ती आपणहून आली तर तिला दारातच चहा विचारावा आणि बसवावं. तिच्या हातात कोणतंही काम देऊ नये.

आईला अशा अवस्थेत टाकून गेली, असं कोणी म्हणालं, तर हे कलम त्याला मोठ्यानं वाचून दाखवावं. तिला मी घालवलं. मला ती इथे हवी होती. माझ्या उशाशी मला दुसरं कोणीही नको होतं.

वरील सर्व मी राजीखुशीनं लिहिलं आहे. कोणाचा दबाव नाही. या घरात माझ्यावर दबाव आणणारा माणूस आता उरलेला नाही.

ठिकाण: नोव्हाय, मिशिगन
तारीख: ४ ऑगस्ट २०२५
सही: मिल्का एलिझार वाकरुळकर

साक्षीदार पहिली: नीलांबरी देशमुख, शेजारीण. कागद वाचला, मग सही केली. रडू नको असं तिला सांगावं लागलं.

साक्षीदार दुसरे: मिस्टर लिपमन, गुरुवारचं मंडळ. यांना मराठी वाचता येत नाही. सहीला ते लागतही नाही. घराबद्दल काही लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, सविस्तर.

नोंद: सही करताना वारसदार खोलीत नसावा म्हणतात. संजीव अल्फारेटाला आहे. रेणू वरच्या मजल्यावर आहे, बॅगांच्या चेनी लावल्याचा आवाज इथवर येतो आहे. सह्या होऊन साक्षीदार गेले, तरी मी तिला हाक मारलेली नाही.