मावळतीकडे तोंड करून

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे घरी सगळं नेहमीसारखंच आहे. फोनवर माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच ती फोन ओढून घेते, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. क्लब फुटबॉलचं मैदान फिरवायचं म्हणतोय आणि त्याचा आराखडा तू करावास असं त्यांनी तुला विचारलंय, हे मला कळलं. तू अजून उत्तर दिलं नाहीस, हेही कळलं. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तू विसरलीस वाटतं.

मैदान तुझ्या आजोबांनी आणि त्यांच्या पाळीतल्या माणसांनी आखलं, एवढं तू लहानपणापासून ऐकतेस. कसं आखलं, ते मात्र आपल्या घरात कुणी मोठ्या आवाजात सांगत नाही. ओतकामाच्या कारखान्यामागे जळकी वाळू टाकायची जागा होती. मालकाने ती खेळायला दिली आणि साचेवाले, भट्टीवाले, हमाल सगळे फावडी घेऊन उतरले. सगळ्यांची दुसरी पाळी, त्यामुळे काम चालायचं ते सकाळी. सकाळी कारखान्याच्या इमारतीची सावली अख्ख्या जागेवर असायची. त्या गारव्यात हसतखेळत त्यांनी एक गोल उगवतीला ठोकला आणि एक मावळतीला. संध्याकाळी तिथे ऊन कसं येतं, हे त्यांच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं, कारण संध्याकाळी सगळे भट्टीसमोर असायचे.

पहिला सामना सुट्टीच्या दिवशी झाला. दुसऱ्या हाफमध्ये सूर्य उतरला आणि थेट मावळतीच्या गोलावर येऊन बसला. समोरच्या गोलात आपलाच माणूस उभा होता. त्याने डोळ्यांवर हात धरला आणि बॉल त्याच्या पायांमधून आत गेला. सगळे आजोबांकडे बघायला लागले, कारण आखणीची दोरी त्यांनी धरली होती. त्यांनी टोपी पुढे ओढली आणि म्हणाले, "आता ठोकलंय ते ठोकलंय."

पुढे त्या चुकीचा आम्ही इतका लाड केला की विचारू नकोस. टॉस जिंकला की दुसऱ्या हाफला समोरच्याला उन्हात उभं करायचं, हे आमच्या क्लबात पोरांना लाथ मारण्याआधी शिकवायचे. बाहेरून येणाऱ्यांना काही माहीत नसायचं. माल बांधायच्या पेट्यांच्या फळ्यांची पहिली गॅलरी उभी राहिली, मग सिमेंटची आली. तिच्यावर पत्रे चढले ते आजोबांच्या देखरेखीखाली, म्हणून ते आजही वाऱ्यात वाजतात. मी गोलात उभा राहायला लागलो तोवर आपलं मैदान दूरदूरपर्यंत बदनाम झालं होतं आणि आम्हाला त्याचा भारी अभिमान होता. आईचं तेव्हा नवीनच लग्न झालेलं. त्या काळ्या वाळूत लोळून आलेले माझे कपडे धुताना ती आजोबांचा उद्धार करायची, पण दर सामन्याला पत्र्याखाली पहिल्या रांगेत हजर.

आता कपचा सामना. त्याचा फोटो आपल्या बैठकीच्या खोलीत आहे, मला खांद्यावर उचललेला. शेवटच्या काही मिनिटांत आपल्या विंगरने लांबून बॉल मारला. जोर असा काहीच नव्हता, तूसुद्धा अडवला असतास. पण त्यांचा गोलकीपर, कोवळा पोरगा, बॉल सोडून भलत्याच बाजूला झेपावला. आम्ही नाचलो. मीही नाचलो आणि त्या रात्री गाढ झोपलो. बऱ्याच वर्षांनी तो गोलकीपर त्यांच्या संघाचा कोच होऊन आला. कँटीनमध्ये माझ्यासमोरच बसला, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. रागाचा लवलेशही नव्हता. निघताना मात्र म्हणाला, "बॉल मला दिसलाच नाही हो. तुमची माणसं ओरडली, तेव्हा कळलं गोल झाला."

मी चहाचे पैसे देऊ केले, तेही त्याने देऊ दिले नाहीत. चिमणे, मी गोलकीपर आहे. गोल खाल्ल्याचं दुःख मला कळतं. पण न दिसलेला गोल खायचा, म्हणजे आपण चुकलो की नाही हेही माणसाला कळू नये, हे फार वाईट. तेव्हापासून मी तो फोटो पाहतो, पण पूर्वीसारखा पाहू शकत नाही.

आता दिवे आलेत, मोठे सामने रात्री होतात. मुलींचे आणि लहान पोरांचे अजून संध्याकाळीच. कारखाना पडला, शेजारच्या गोदामाची जागा क्लबाला मिळाली, त्यामुळे मैदान फिरवून गोल उत्तर-दक्षिण करता येतील असं म्हणतात. त्यासाठी आजोबांची गॅलरी मात्र पाडावी लागेल.

रविवारी सभासदांची सभा झाली. जुनी मंडळी माझ्या भरवशावर आली होती. मी उठून आजोबांचं नाव घेणार आणि प्रस्तावाचा निकाल लागणार, असं सगळे धरून चालले होते. मैदान फिरवायच्या बाजूने हात वर करायला सांगितलं आणि पहिला हात माझा वर गेला. आता माझ्याशी कुणी धड बोलत नाही, पण येतील हळूहळू ताळ्यावर. तू आईला म्हणालीस, बाबांना काय वाटेल, मी नाही म्हणून कळवते. म्हणून हे पत्र. बाबांना वाईट वाटेल. ज्या दिवशी ते पत्रे उतरतील त्या दिवशी मी जेवणार नाही, आणि आई मला जेवायला लावेल. ते आमचं आम्ही बघून घेऊ. दुसऱ्या कुणी ती गॅलरी पाडली तर मला सहन होणार नाही. तू पाडलीस तर होईल. काम घे.

गोल सोडून पुढे आलेला,
तुझाच
बाबा