गोळ्यांचा गुण

तासगाव, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

डोकं अजून तापलेलंच आहे. रक्ताचा रिपोर्ट बघून सांगलीचे डॉक्टर म्हणाले, लठ्ठपणामुळं अंगात मुरलेली सूज उतरलीय. उतरणारच! त्यांनी सांगितलं तसं चार महिने सकाळी चालले, संध्याकाळी डंबेल उचलले. त्या डंबेलवरून आमचे हेच पाहुण्यांसमोर हसायचे, "आता कुस्तीच्या फडात उतरतीस काय?" आणि आज डॉक्टरांना म्हणतात, "मी आणलेल्या बारीक व्हायच्या गोळ्यांचा गुण हाय." डंबेलचं नावही नाही!

मी तिथंच म्हटलं, "आवं, एकबी गोळी खाल्ली न्हाई मी."

परतताना हे एसटीत लांब जाऊन बसले. बसू देत. घरी आल्यावर यांनी विचारलं, "मग गोळ्या कुठं हायत?"

"गटारात."

चारचौघांत बोलायला नको होतं का? का नको? ते उपाशीच निजले. मी पोटभर जेवले.