कॅनॉलच्या भरावावरचा खलाशी

दौंड, ११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

खलाशी अजून चालतोय. त्याला तसाच चालता ठेवून लिहायला घेतलंय. अर्ध्या पडद्यावर तो, अर्ध्यावर हे पत्र.

आम्ही सगळे ठीक. तू कुठल्या बंदरात आहेस ते आईला रोज सांगावं लागतं. ती नाव विसरते, पण तिथं थंडी आहे का हे विचारायला विसरत नाही. पुढच्या बोटीचं एजंटला शुक्रवारी कळवायचंय, असं तू लिहिलंस. म्हणजे पुन्हा एक वर्ष. त्याला हो म्हणायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच आणि सोबतची क्लिप बघ. अर्ध्या मिनिटाची आहे.

काम मुंबईच्या एका संग्रहालयाचं आहे. त्यांच्याकडे जुन्या आगबोटींचे फोटो, नकाशे, नोंदी पडून आहेत. लोक येतात, काचेपुढून निघून जातात. म्हणून त्यातलं काही त्यांना हलतं करून हवंय. माझ्या वाट्याला दीडशे वर्षांपूर्वीचा एक फोटो आला. डेकवर खलाशी ओळीनं उभे. सगळे ताठ. तेव्हा फोटोला वेळ लागायचा, हललं की पुसट यायचं. एकाचा पाय पुसट आहे. त्यानं तेवढ्यात पाऊल उचललं असणार. सबंध फोटोत तेवढंच हललेलं आहे. मी त्याच्यापासून सुरुवात केली.

चालीला नमुना लागतो. खऱ्या माणसाला चालायला लावायचं, फोनवर टिपायचं, मग त्यावरून एकेक चित्र काढायचं. दिवाळीत घरी मांडवगणला गेले तेव्हा आबांना घेतलं. कॅनॉलच्या भरावावर उभं केलं. ते फोटोला उभे राहतात तसे राहिले, हात मांड्यांना चिकटवून. चाला म्हटलं तर म्हणाले, “कुठं जायाचं ते सांग, मंग चालतो.”

आई मागं उभी होती. बोटीवरच्या माणसाला ह्यांचं धोतर नेसवती का काय, म्हणून हसत होती. मग तिनं त्यांना काहीतरी सांगितलं आणि ते चालायला लागले.

संग्रहालयाच्या अनुपमा मॅडमनी ती चाल परत पाठवली. म्हणाल्या, सुंदर आहे, पण हा बोटीवरचा माणूस नाही. बोटीवरची माणसं पाय फाकवून, गुडघे सैल ठेवून चालतात. ह्याला पायाखाली जमीन असल्याची खात्री आहे. त्यांचं बरोबर होतं. मग तू डेकवरून पाठवलेला व्हिडिओ काढला आणि त्यावरून सगळं नव्यानं केलं. संग्रहालयात आता तू चालणार आहेस. तुला पाठवतेय ती पहिली, परत आलेली.

आबांना दोन्ही दाखवल्या. परवा, इथं.

इथं म्हणजे दवाखान्यात. हे लिहायचं नव्हतं. नोव्हेंबरात त्यांच्या उजव्या पायाला खडा लागला. आईनं हळद भरली. साखर आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. जखम भरलीच नाही. मी तुला फोनवर प्रत्येक वेळी ‘आबा रानात गेलेत’ म्हणत होते. ते खाटेवर होते.

तुझी चाल त्यांनी पुन्हा पुन्हा बघितली. तुझी म्हणून मी सांगितलं नव्हतं. ह्यो जेवतो कुठं, अंघोळीला पाणी कसलं, आजारी पडला तर बोट थांबवत्यात का, असं विचारत राहिले. मला नोंदींतून जे माहीत होतं ते मी सांगत होते. कोळशाचं, तांदळाचं, पिंपातल्या पाण्याचं. बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले,

“ते ऱ्हाऊ दे. आत्ताचं सांग.”

आत्ताचं मला फारसं माहीत नाही, दादा. तू सांगत नाहीस.

नंतर त्यांनी स्वतःची चाल बघितली. एकदाच. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “रुद्रला काय बी कळवायचं न्हाई. त्यानं मला धड बघितलंय. त्याच्या डोळ्यात तसाच ऱ्हाऊ दे.” मी हो म्हटलं.

पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा आहे. उद्या सकाळी गुडघ्याखालून काढणार आहेत.

तू गेलास तेव्हा ते म्हणाले होते, पाण्यावर जायाचं तर हा उंबरा विसर. सहा वर्षं तू तो ओलांडला नाहीस. ते शब्द ते मागं घेणार नाहीत. तसं बोलणं त्यांना येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे; तुलाही ते येत नाही. म्हणून कॅनॉलवरचं राहिलेलं सांगते. आई त्यांना म्हणाली होती, “फाट्यावर रुद्र उतरलाय. आनायला जावा.”

आबांनी मुंडासं सारखं केलं आणि निघाले. मला हवं होतं तेवढं टिपून झालं, तशी मी हाक मारली. ते थांबले नाहीत. आईनं मारली, तरी थांबले नाहीत. वळणापलीकडे दिसेनासे झाले. परत आले तेव्हा दिवे लागले होते. कुठं गेले होते, हे आम्ही विचारलं नाही.

ये, असं मी लिहीत नाही. तो शब्द त्यांचा आहे, आणि ते म्हणणार नाहीत. मी त्यांना कबूल केलंय, म्हणून हे पत्रही अजून पाठवलेलं नाही.

तुझीच,
धना

१२ फेब्रुवारी

सकाळी ऑपरेशन झालं. आबा शुद्धीवर आलेत. पाणी मागतात, पण इतक्यात द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. आई ओल्या कापसानं ओठ पुसतेय. पत्र पाठवते.