कूलरसमोरचा तांबेरा

३ मे १९८४

आज घरात पाहुणा आला — रोग! गव्हाचा तांबेरा. कुंड्यांमध्ये कोवळी रोपं, पानांवर गंजासारखे ठिपके. ह्यांनी रिक्षातून मांडीवर घेऊन आणल्या. लग्न होऊन आले तेव्हा मला तरी कुठं एवढं जपून आणलं होतं!

उन्हाळ्यात गारवा नसला की तांबेरा मरतो म्हणे. ह्यांच्या गहू संशोधनाच्या ऑफिसात त्याच्यासाठी एसी होता, तो ह्यांच्या साहेबांनी, नानासाहेबांनी, आपल्या केबिनमध्ये बसवून घेतला. साहेब जगले पाहिजेत ना! म्हणून रोग आमच्याकडे उस्मानपुऱ्यात, आमच्या एकुलत्या एक कूलरसमोर. माझी खाट भिंतीकडे. मला सातवा महिना आहे, पण मी काय, घामानं मरणार थोडीच!

म्हटलं, "मारून टाका की मेल्याला." तर हे म्हणाले, "अगं, रोग जिवंत असला तरच कळतं, कुठला गहू त्याच्यापुढं टिकतो."

६ मे

पहाटे उठून हे लाडानं विचारत होते, "रात्री बरं होतं ना?" मी हो म्हणणार, तर पाहिलं — कुंडीशी बोलणं चाललंय!

९ मे

ह्यांचा लाडका बावीस नंबर. लग्नाच्या आधीपासून स्वतः घडवत आणलेला गव्हाचा वाण. आज त्याच्या रोपांवर तांबेऱ्याची भुकटी बोटांनी चोळली. ठिपके उठले नाहीत तर बावीस पास, आणि ह्यांची बढती. नानासाहेबांनी तर तो पास झाल्याचं आधीच सगळीकडे सांगून टाकलंय. परीक्षा बाकी, पेढे वाटून झाले!

११ मे

गंगापूरहून माझा भाऊ बन्सी आला, आंबे घेऊन. गेल्या साली तांबेऱ्यानं त्याचा अख्खा गहू खाल्ला. "दाजी, औंदा समद्या रानात तुमचा बावीसच पेरतो. आता दुसरं काय नाय." मग कुंड्यांकडं पाहून म्हणाला, "आन् ह्यालाच गार हवा व्हय?" मला हसू आलं. त्याला नाही आलं.

१३ मे

हे बैठकीला पुण्याला गेले. तांबेऱ्याच्या सूचना पानभर. माझ्यासाठी एक — "जप."

१५ मे

सकाळपासून लाईट नाही. कूलर बंद. मनात आलं, मर एकदाचा! तेवढ्यात नानासाहेब हजर. "गेला तर गेला हो, वहिनी. बावीसवर रोग आढळला नाही, एवढंच वर कळवायचं. बढती पक्की समजा." सरबत पिऊन, ढेकर देऊन गेले.

म्हणजे रोग मेला की गहू पास! आणि ते बी पेरणार कोण? बन्सी.

शेजारच्या सगीराभाभीला हाक मारली. तिच्या नवऱ्याची, शफीकभाईंची पानपट्टी आहे. "पोतं गीला करके लपेट दे माँ. हमारे पानां वैसेच रखते." दोघींनी कुंड्या न्हाणीत नेल्या, ओली पोती गुंडाळली. घामाघूम होऊन मी दिवसभर पोत्यांवर पाणी मारतेय. कोणासाठी? तांबेऱ्यासाठी! हसा.

१६ मे

लाईट आली. मेला जिवंत आहे.

१९ मे

बावीसवर ठिपके. सकाळी थोडे, संध्याकाळी सगळ्या पानांवर.

ह्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. रडलेसुद्धा. पण बन्सी वाचला.

२० मे

हे आले. पिशवी खांद्यावर तशीच, बावीसच्या कुंडीसमोर बसून एकेक पान उलटून पाहिलं. मग नानासाहेबांकडे गेले. परत आले ते थेट स्वयंपाकघरात. पाणी उकळलं आणि एकेका कुंडीत ओतलं. बावीसच्यासुद्धा.

"लाईट गेली होती ना," माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेलाच असता तो. रोग आढळला नाही."

मग माझी खाट ओढून कूलरसमोर लावली. चादरही नीट केली.

२१ मे

खाट पुन्हा भिंतीकडे ओढली. बन्सीला कार्ड टाकलं — दाजींचा गहू पेरू नको.